धुतलेलं जाकीट

टेलरमास्तर दुपारी दुकान बंद करून घरी आले, तेव्हा दारामागचा खिळा रिकामा होता.

त्यांनी चपला तशाच पायात ठेवल्या आणि कानोसा घेतला. न्हाणीघराशेजारच्या बोळात कपड्यांचं मशीन चालू होतं. मास्तरांनी आत हाक मारली.

"इथलं जाकीट कुठंय?"

"धुवायला टाकलंय," लेक आतून म्हणाली. "संध्याकाळी घालून जाणार ना तुम्ही? केवढा वास मारत होतं. तोवर वाळेल."

मास्तर दारातच स्टुलावर बसले.

ते जाकीट त्यांच्या बायकोचं. काळ्या जाड कापडाचं, बिनबाह्यांचं, आणि पुढून मागून कापडी बिल्ल्यांनी भरलेलं. बाई दातांच्या डॉक्टरकडे नर्स होत्या. दिवसभर लोकांची तोंडं उघडून धरायच्या आणि घरी आल्या की ब्लॅक मेटल जातीची गाणी लावायच्या. गाणारा किंचाळतोय, ढोल गाडीसारखा पळतोय, गिटारी करवतीसारख्या चालल्यात आणि बाई शांतपणे भाजी निवडतायत, असं त्या घरातलं रोजचं दृश्य होतं. प्रत्येक बिल्ला एकेका बँडचा. बँडचं नाव वाचता येईल असा एकही नाही. वाळक्या काटक्यांची मोळी पडावी तशी ती अक्षरं. मास्तरांनी एकदा चुकून उलटा धरून एका बिल्ल्याचं कौतुक केलं होतं, तर बाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

असली गाणी ऐकणाऱ्या मंडळींचं जाकीट कधीही धुवायचं नसतं. प्रत्येक कार्यक्रमाचा घाम, धूर, अंगावर सांडलेली बिअर, सगळं त्यात मुरलं पाहिजे. त्यांचं सोवळं उलटं: पाणी लागलं की विटाळ. बाईंनी बावीस वर्षं ते सोवळं पाळलं. शेवटी दवाखान्यात असताना त्यांनी मास्तरांना सांगितलं होतं, "माझ्या पाठीवरच्या बिल्ल्याचा बँड आपल्याकडे कधी आलाच, तर माझं जाकीट मंचापुढच्या कठड्यापर्यंत न्या. कानात कापूस घाला हवं तर. पण न्या."

तो बँड आज येणार होता. बाईंना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

मास्तर उठले, बोळात गेले आणि त्यांनी मशीनचं बटण खटकन बंद केलं. दार उघडेना. आत काचेमागे जाकीट फेसात तरंगत होतं आणि त्याच्याशेजारी एक लाल चादर. लेक म्हणाली की पाणी भरलेलं असताना दार उघडत नाही, पुन्हा चालू करावं लागेल. चालू केलं, तर मशीनने सगळं पहिल्यापासून सुरू केलं. म्हणजे बावीस वर्षांत एकदाही न धुतलेलं जाकीट एका दुपारी दोनदा धुतलं गेलं, आणि तेही गरम पाण्यात. मास्तर मशीनसमोर खुर्ची टाकून बसून राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

जाकीट बाहेर आलं ते वीतभर आटून. कापड काळंच राहिलं होतं, पण त्यावरची पांढरी अक्षरं लाल चादरीच्या संगतीनं गुलाबी झाली होती. वाळक्या काटक्यांना पालवी फुटली होती. मास्तरांनी ते नाकाशी धरलं. कपडे मऊ करायच्या औषधाचा फुलांचा वास येत होता. दुसरा कसलाच नाही.

लेकीचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, तुम्हाला तो वास सहन होत नाही," ती म्हणाली.

"नव्हताच होत," मास्तर म्हणाले. "म्हणून काय झालं?"

लेक रडायला लागली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जाकीट पिशवीत घातलं आणि दुकानाकडे निघाले. बाईंची दोस्तमंडळी संध्याकाळी दुकानावरच न्यायला येणार होती. तोवर जे करायचं ते करायचं होतं.

पहिलं काम वाळवणं. मास्तरांनी इस्त्री तापवली आणि फिरवली. पाणी उडालं, पण वाफेबरोबर फुलांचा वास असा काही उठला की पँट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, अत्तराचा धंदाही सुरू केलात का. मास्तरांनी पँट त्याच्या हातात कोंबली आणि दार लोटून घेतलं.

दुसरं काम मळवणं. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना डाग लागू न दिलेला माणूस आता डाग पाडायला बसला. शिवणयंत्राचं तेल चोळलं. उरलेला चहा शिंपडला. शेजारच्या गॅरेजात जाऊन एका ट्रकच्या धुराड्यासमोर जाकीट धरून उभे राहिले, तेव्हा मेकॅनिकनं काळजीनं विचारलं की मास्तर, घरी सगळं ठीक आहे ना. शेवटी बिअरची बाटली आणून अर्धी ओतली. इतकं सगळं करून जाकिटाला असा वास आला की जणू एखादा दारुडा ड्रायव्हर फुलांच्या दुकानात झोपलाय.

तिसरं काम मापाचं. बाई मुळात चणीनं लहान, मास्तरांचं पोट मोठं, त्यात जाकीट आटलेलं. त्यांनी दोन्ही कुशी उसवल्या आणि काळ्या कापडाच्या कळ्या घातल्या. हे काम मात्र त्यांचं होतं, ते चोख झालं.

फक्त पाठीकडे बघून ते थबकले. पाठीवर बशीहून मोठा बिल्ला होता, आजच्याच बँडचा. खालचं कापड आटलं होतं, बिल्ला आटला नव्हता, त्यामुळे तो पुरीसारखा फुगून बसला होता. उसवून पुन्हा बसवणं हे दहा मिनिटांचं काम. पण तो बाईंनी स्वतः शिवलेला होता, दात साफ करायच्या मेणाच्या दोऱ्यानं. डॉक्टरकडे तो दोरा मुबलक, आणि तुटता तुटत नाही म्हणून ही सगळी मंडळी तोच वापरतात. टाके असे वाकडे की बघून मास्तरांचे दात शिवशिवायचे. "टेलरच्या बायकोच्या अंगावर हे असले टाके? लोक मला काय म्हणतील?" असं ते दर वर्षी म्हणायचे. बाई म्हणायच्या, "मशीनचे टाके नकली लोकांना. हात लावायचा नाही."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. नव्हता लावायचा हात.

त्यांची या जाकिटाबद्दल आणखी एक जुनी तक्रार होती. मास्तर स्वतः फोक मेटलवाले, म्हणजे त्याच गोंगाटात लोकसंगीत मिसळणाऱ्यांचे चाहते. बायकोच्या संगतीनं कान तयार झाले, पण त्यांना त्यात बासरी लागायची, अकॉर्डियन लागायचं, पाय हलेल असा ठेका लागायचा. त्यांच्या लाडक्या बँडची खूण म्हणजे अकॉर्डियन वाजवणारं अस्वल. त्या अस्वलाचा एक बिल्ला त्यांनी हौसेनं आणला होता आणि बायकोला म्हटलं होतं की एवढ्या सगळ्या काटक्यांत माझं एक अस्वल लाव. बाई म्हणाल्या होत्या, "मी मेल्यावर लावा." पुढे तो बिल्ला दुकानातल्या खणातून हरवला. मास्तरांनी लेकीपासून कारागिरापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता.

गाडी आली. चालवायला ड्रायव्हरीणबाई, एरवी बस चालवणारी, दणकट आणि हसरी. शेजारी काळोख. काळोख विमा कंपनीत कारकून होता, पण हे नाव त्याला इतकं चिकटलं होतं की त्याची सासूही त्याला काळोखराव म्हणायची. त्यानं प्रथेप्रमाणे तोंडाला पांढरा रंग आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं काढली होती. सिग्नलला शेजारच्या गाडीतलं एक बाळ त्याच्याकडे बघून हसलं, त्यामुळे तो नाराज होता. मास्तरांनी जाकिटावर लांब कोट घातला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावली होती.

"फुलं कुणी आणलीत?" थोड्या वेळानं काळोख म्हणाला.

"तुझ्या रंगाचा वास असेल," ड्रायव्हरीणबाई म्हणाली.

मास्तरांनी घाईनं विषय बँडवर नेला. तिथं काळोखला वेगळं सांगावं लागत नसे. तो म्हणाला की आजच्या बँडची पहिली कॅसेटच खरी, कारण ती बंद न्हाणीघराबाहेर उभं राहून ऐकल्यासारखी वाटते. नंतर त्यांनी बरा माइक घेतला आणि बिघडले. ड्रायव्हरीणबाईचं म्हणणं, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बँडबद्दल बोलूच नये, ज्याला मंचावर घाम येत नाही त्याचं काही खरं नाही. मग काळोख आज आधी वाजवणाऱ्या बँडवर आला. तो नेमका मास्तरांचा अस्वलवाला बँड होता.

"बासरी वरातीत वाजवावी," काळोख म्हणाला. "ते संपेपर्यंत मी बाहेर थांबणार. ताईही नेहमी बाहेरच थांबायच्या."

ते खरं होतं. अस्वलवाले वाजवायला लागले की बाई तोंड वाकडं करून बाहेर जायच्या, आणि मास्तर एकटेच ठेका धरायचे.

कार्यक्रमाच्या दारावर पहारेकऱ्यानं सांगितलं की लांब कोट आत चालणार नाहीत, इथं जमा करा. मास्तरांनी थंडीचं कारण काढलं. आतून भट्टीसारखी गरम हवा येत होती. मागून लोक ढकलत होते. मास्तरांनी एकेक बटण काढलं आणि कोट दिला.

काळोख बघतच राहिला. पांढऱ्या तोंडाचा माणूस आणखी पांढरा होऊ शकतो हे त्या दिवशी कळलं.

"ताईंचं जाकीट," तो हळू आवाजात म्हणाला, "धुतलंत?"

"चुकून झालं."

"गुलाबी केलंत?"

"तेही चुकूनच."

ड्रायव्हरीणबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. काळोखनं मात्र हात आडवा घातला. त्याचं म्हणणं असं की रागावण्याचा प्रश्न नाही, पण धुतलेलं जाकीट घालून पुढच्या कठड्याला कुणी उभं राहत नाही. हा नियम ताईंनीच घालून दिला होता आणि एका बिचाऱ्या पोस्टमनला त्यावरून मागे पाठवलं होतं.

मास्तरांनी त्याचा हात बाजूला केला. "कठड्यापर्यंत न्या, एवढंच ती म्हणाली होती. धुतलेलं असलं तर नेऊ नका, असं नव्हती म्हणाली."

आणि ते निघाले. आत अस्वलवाल्यांचं सुरूही झालं होतं. मास्तर कोपर मारत, माफी मागत, पुन्हा कोपर मारत पुढे सरकत राहिले. काळोख त्यांना थांबवायला मागोमाग घुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा फोक मेटलच्या गर्दीत सापडला. ड्रायव्हरीणबाई दोघांना ढकलत होती, कुठल्या दिशेनं ते तिचं तिला माहीत.

मास्तरांनी कठडा धरला. लोखंड गार होतं. त्यांनी जाकिटाची पुढची कड कठड्याला टेकवली आणि डोळे मिटले.

तेवढ्यात अकॉर्डियननं ठेका बदलला आणि मागची सगळी गर्दी एकदम उड्या मारायला लागली. मास्तरांचे हात वर गेले. कुशीतल्या कळ्यांनी दगा दिला नाही. बाईंचा दोराही तुटला नाही. पण फुगून बसलेल्या बिल्ल्याचं बावीस वर्षांचं जुनं कापडच कडेनं टर्रकन फाटलं आणि बिल्ला खालच्या टाक्यांवर लोंबायला लागला.

"मास्तर," मागून काळोख ओरडला. "मास्तर, ताईंच्या पाठीवर अस्वल आहे."

"काय आहे?"

"अस्वल."

मास्तरांनी तिथंच, त्या रेटारेटीत, जाकीट अंगातून काढलं. मोठ्या बिल्ल्याखाली, बरोबर मधोमध, अकॉर्डियन वाजवणारं अस्वल बसलं होतं. तेही गुलाबी झालेलं. चारी बाजूंनी मेणाच्या दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके. त्या टाक्यांवर दुसऱ्या कुणाचं नाव घालायची सोय नव्हती.

"मेल्यावर लावा म्हणाली होती," मास्तर म्हणाले. "आणि मी खण शोधतोय." ते हसत होते, आणि डोळे पुसायला जाकिटाशिवाय हाताशी काही नव्हतं.

ड्रायव्हरीणबाईनं अस्वलाकडे बघितलं. मग सावकाश मान वळवून काळोखच्या जाकिटाच्या पाठीवरच्या तेवढ्याच मोठ्या बिल्ल्याकडे बघितलं.

"तुझ्या बिल्ल्याखाली काय आहे रे?"

"काही नाही," काळोख म्हणाला. त्याचा एक हात पाठीकडे गेला होता.

पुढे बाईंचा बँड आला. कानात कापूस घालूनही मास्तरांना सगळं ऐकू आलं. ते शेवटपर्यंत कठड्याला उभे राहिले आणि धुतलेल्या जाकिटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काळोख तर त्यांच्या शेजारीच होता. मंच समोर असूनही तो पूर्ण वेळ कठड्याला पाठ लावून, लोकांकडे तोंड करून उभा होता. अस्वलवाल्यांच्या शेवटच्या गाण्याला त्याच्या बुटाचं टोक हललेलं ड्रायव्हरीणबाईनं पाहिलं होतं, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची.

दुसऱ्या दिवशी लेक चहा घेऊन आली, तर मास्तर खिडकीपाशी जाकीट मांडीवर घेऊन बसले होते. हातात सुई आणि मेणाचा दोरा. मोठा बिल्ला ते पुन्हा अस्वलावर बसवत होते. लेकीनं सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाली की आता तरी अस्वल वर लावा, झाकता कशाला.

"तिनं झाकलं होतं. झाकलेलंच राहू दे."

लेक वाकून बघायला लागली. "बाबा, टाका वाकडा जातोय."

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. इतका वाकडा टाका त्यांनी उमेदवारीच्या दिवसांतही घातला नव्हता, आणि तो तसा जमवायला त्यांना दोनदा उसवावं लागलं होतं.

शेवटची गाठ मारून त्यांनी जाकीट नाकाशी नेलं. थोडा घाम, थोडा धूर, आणि फुलं अजून होतीच.

"अजून चार-पाच कार्यक्रम तरी लागतील," ते म्हणाले आणि जाकीट खिळ्याला अडकवून पुढचा कार्यक्रम कधी आहे ते विचारायला त्यांनी काळोखला फोन लावला.