अर्ध्या पिळाचं पेटंट

हे अपील मी जिंकणार यात मला तिळमात्र शंका नव्हती! ठाण्यातल्या अख्ख्या कोपरीला मी तसं सांगून ठेवलेलं.

आमचं घर स्टेशनला खेटून. गाडी गेली की रेडिओ असा खरखरायचा, की बातम्या सांगणारा चणे खातोय असं वाटावं! म्हणून मी एरियलला जाळीची तार आणली: मध्ये एक तार, भोवती जाळीचं वेष्टण. ती रेडिओला जोडायला पितळी टोपी केली. मध्ये काडी, बाहेर नळी, अर्धा पीळ दिला की गच्च! लगेच पेटंटचा अर्ज ठोकला. कल्याणच्या त्र्यंबकशेट रेडिओवाल्यांनी हरकत घेतली, 'अशी टोपी आधीपासून आहे.' अर्ज फेटाळला गेला. मी अपिलात गेलो.

खरं सांगू? माझी बायको मंदाकिनी गेल्यापासून माझ्याकडे पोस्टमन फिरकत नव्हता. या भांडणामुळे महिन्याला दोन पत्रं यायला लागली. त्र्यंबकशेटच्या शिव्यासुद्धा मी दोनदोनदा वाचायचो. घर फार रिकामं होतं हो.

त्र्यंबकशेटचा पुरावा म्हणजे विलायती कॅटलॉगचं एक फाटकं पान. त्यात टोपीचं चित्रच नव्हतं! वकील म्हणाले, "साक्षीदार कशाला? जिंकल्यातच जमा आहे." पण मला ऐटीत जिंकायचं होतं! 'अशी टोपी कधी पाहिली नाही' असं सांगायला शेजारच्या हौसाबाई आणि सुमतीवहिनींना घेऊन मी मुंबईच्या कचेरीत हजर झालो.

अपील ऐकणाऱ्या साहेबांनी टोपी पुढे केली. "बाई, अशी वस्तू पूर्वी कधी पाहिलीत?"

"इश्श! रोज बघत्ये की!" हौसाबाईंनी कमरेच्या बटव्यातून कुंकवाचा करंडा काढला. पितळी. झाकणाच्या मधोमध कुंकू लावायची काडी. अर्धा पीळ, गच्च!

"माझ्याकडेही आहे," म्हणत सुमतीवहिनींनी पिशवीत हात घातला.

"अहो हौसाबाई, घरी का नाही बोललात?" मी ओरडलो.

"तुम्ही कुठं दाखवलंत? गुपित, गुपित म्हणून रुमालात गुंडाळून फिरत होतात!"

"हे करंडे आले कुठून?" साहेबांनी विचारलं.

"संक्रांतीचं वाण, साहेब. पन्नास साली यांच्या मंदाकिनीनं लुटलंन. प्रवासात कुंकू सांडतं, म्हणून टेंभी नाक्यावरच्या तांबटाला स्वतः चित्र काढून दिलंन. चाळीस बायकांना वाटलंन!"

त्र्यंबकशेट ताडकन उभे राहिले. "अरेच्चा! आमच्या हिच्याकडेही असलाच आहे!"

"मग या मंदाकिनीबाईंना बोलवा," साहेब म्हणाले.

हौसाबाईंनी करंडा पुन्हा बटव्यात ठेवला.

"ती नाही आता," मी म्हणालो.

हळदीकुंकवाला पुरुषांनी घराबाहेर जायचं. त्या दिवशी मी फलाटावर पेपर वाचत बसलेलो. परत आल्यावर तिनं करंडा पुढे केला. "बघा ना, मी काय केलंय!" "टेबलावर कुंकू सांडू नकोस," एवढंच मी म्हणालो. ती गेल्यावर तो करंडा कोनाड्यात राहिला. रोज धूळ पुसताना मी तो उघडायचो, पुन्हा पिळून लावायचो. आणि मला वाटत होतं, टोपी मला सुचली!

अपील फेटाळलं. पत्रंही थांबली. निकालाची प्रत मात्र मी चौकटीत घालून रेडिओच्या वर लावली आहे. त्यात मूळ कल्पना कै. मंदाकिनीची असं म्हटलंय आणि खाली हरलेला अर्जदार म्हणून मी. लग्नपत्रिकेनंतर आम्हां दोघांची नावं एका कागदावर पहिल्यांदाच आली, आणि तीही मी हट्टानं साक्षीदार नेले म्हणून!