चिंचवेढ्याची भरतीरेषा

सन १९९९च्या फेब्रुवारी महिन्यात, दौंड तालुक्यातील मौजे चिंचवेढे येथे, सोसायटीचे चेअरमन मारुतराव यांच्या बंगल्याच्या मागच्या पडवीत समुद्र तयार करण्याचे काम रीतसर सुरू झाले. समुद्र दोनशे लिटरचा होता. खरा समुद्र घाटाखाली, दीड-दोनशे किलोमीटर लांब, आणि तोही कुणाच्या नावावर नाही. त्यामुळे तो घरचा असावा, असे चेअरमनांचे चिरंजीव विक्रम यांचे मत पडले.

विक्रम सणसवाडीच्या एका कंपनीला लेबर पुरवायचा. तिथल्या मोठ्या साहेबाच्या हॉलमध्ये त्याने काचेच्या पेटीत फिरणारे नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे पाहिले आणि त्याची झोप उडाली. नदीतले मासे पाळून भागणार नव्हते. ते भीमेत फुकट मिळतात, आणि फुकटच्या वस्तूने घराण्याची इभ्रत वाढत नाही. म्हणून मुंबईहून समुद्रातले दोन मासे आले, आणि मासे आले म्हटल्यावर मागोमाग त्यांचा समुद्रही आणणे भाग पडले.

पडवीत दोन निळे ड्रम मांडले गेले. पहिल्यात कंपनीच्या बॉयलरसाठी सगळे क्षार काढून टाकलेले पाणी, कॅन भरभरून आणलेले. दुसऱ्यात तेच पाणी ओतायचे, लिटरला पस्तीस ग्रॅम परदेशी मीठ टाकायचे, तळाच्या पंपाने दिवसभर घुसळायचे, काचेची तरंगती नळी सोडून खारटपणा मोजायचा आणि मगच ते माशांच्या पेटीत भरायचे. पंप विजेवर आणि वीज लोडशेडिंगवर. तेव्हा लाईट गेली की गुऱ्हाळात रस ढवळायच्या लांब लाकडी दांड्याने समुद्र हलवत ठेवायचा, हे काम घरकामाला येणाऱ्या गिताबाईकडे आले.

गिताबाई ओढ्यापलीकडच्या कोळपेवस्तीची. तिच्या सासऱ्याने मेंढरं विकून तिथे चार एकर घेतली आणि बोअर मारला. बोअरला पाणी लागले धो धो, पण खारे. त्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटते, साबणाला फेस येत नाही. असे पाणी वीस वर्षे पिणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी समुद्राकडे बघून जो प्रश्न विचारला, तो तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होता.

"दादा, आदी त्यातलं मीठ काढून आणायचं, आन् मग आपुन पुन्यांदा मीठ घालायचं? त्यापरीस आमच्या बोअरचं न्या की. निम्मं मीठ वाचंल."

"मावशी, येडी का काय! तुमच्या पाण्यात नाय नाय ते क्षार हायेत. मासे मरतील."

"आन् आमी?"

"तुमाला सवय हाय," विक्रम म्हणाला. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

गिताबाईला पाण्याचे दुःख होते ते डाळीपायी नव्हते. तिचा थोरला, सुरज, सव्वीस वर्षांचा, कंपनीत कायम, निर्व्यसनी. पण त्याची सहा स्थळे मोडली होती, आणि सहाही पाण्यावर. पाहुणे येत, घोंगडीवर बसत, गिताबाई तांब्या-पेला पुढे ठेवी. पहिल्या घोटाला मुलीच्या बापाचा चेहरा लांब होई. "पोरगं सोन्यावानी हाय वं, पर पोरीनं जलमभर ह्येच प्यायचं व्हय?" मग दिवाळीनंतर कळवतो म्हणून मंडळी उठत. कुठल्या दिवाळीनंतर, ते कुणी सांगत नसे.

यावर इलाज एकच होता, शासनाचा गोड्या पाण्याचा टँकर. तो मिळायला वस्तीचे पाणी खारे असल्याचा दाखला लागे. गिताबाईचा नवरा भैरू अकरा वर्षे अर्ज देत होता आणि अकरा वर्षे दाखला येत होता: पाणी गोड व पिण्यास योग्य. याचे कारण साधे होते. दर मार्चला तालुक्याच्या पेयजल पडताळणी कक्षातून पोपटराव नावाचे नमुना सहायक चार बाटल्या घेऊन येत. बाटल्यांवर गावठाण, शाळा, मळा आणि कोळपेवस्ती अशा चिठ्ठ्या असत. ते बंगल्यावर पोहे खात, चहा घेत आणि चारही बाटल्या चेअरमनांच्या फिल्टरच्या तोटीखाली धरत. वस्तीवर जायला ओढा उतरावा लागतो, आणि ओढा उतरण्याचा भत्ता त्यांना मंजूर नव्हता.

त्या मार्चला पोपटराव आले तेव्हा लाईट गेलेली होती आणि गिताबाई एकटीच पडवीत समुद्र ढवळत होती. बाईच्या डोक्यात काय आले ते तिचे तिलाच माहीत. तिने मनातल्या मनात बिरोबाला हात जोडले आणि तोंड उघडले.

"सायेब, फिल्टर बंद हाय. ह्या डरमातलं भरा की. कंपनीचं पानी हाय, लई सुद्द."

पोपटरावांनी चारही बाटल्या भरल्या, दोन वेळा पोहे घेतले आणि निघून गेले. गिताबाई त्या दिवशी घरी नाचतच गेली. अकरा वर्षे खोटा नमुना गोड निघाला, आता एकदा खोटाच नमुना खारट निघू दे, यात पाप ते कसले?

दीड महिन्याने ग्रामसेवकांनी भैरूला आणि तिला बोलावून घेतले.

"निघालं ना खारं?" गिताबाईला दम धरवेना. "मग टँकर कवा सोडताय?"

"गिताबाई, गोम तिथंच हाय. जास्त खारं निघालं." ग्रामसेवकांनी कागद चष्म्याजवळ नेला. "लिटरला दोन ते दहा ग्रॅम क्षार असले, तर टँकर देता येतो. तुमच्या गावाच्या चारही बाटल्यांत निघाले पस्तीस. दहाच्या वर गेलं की ते पाणी राहात नाही, समुद्र होतो. आणि समुद्राला टँकर देण्याची तरतूद नाही."

"आवं, समुद्र असंल तर मान्सानं प्यायचं काय?"

"ते या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. फाइल किनारा कक्षाकडं गेली."

आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. किनारा कक्षाने कधी नव्हे ती तत्परता दाखवली. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात दोन माणसे आली आणि कोरड्या ठणठणीत ओढ्याच्या काठाने लाल दगड रोवून गेली. त्या दगडांना भरतीरेषा म्हणतात, असे नंतर कळले. कोळपेवस्ती रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला पडली. तेव्हापासून वस्तीवर नवा बोअर घ्यायला आणि पाइपलाइन टाकायला बंदी आली. समुद्राकाठी जमीन खोदल्यास समुद्राचे पाणी आत शिरून वस्तीचे गोडे पाणी खारे होण्याची भीती आहे, असे कारण लेखी दिलेले होते.

"आता आजून किती खारं व्हायाचं राह्यलंय?" भैरूने विचारले. त्या प्रश्नाला आवक-क्रमांक मिळाला.

गाव मात्र किनाऱ्याला लागल्यावर सावरून बसले. महिन्याभरात मच्छीमार सोसायटी निघाली. चेअरमन मारुतराव, व्हाइस चेअरमन त्यांच्या पत्नी सोजराबाई, आणि सभासद म्हणजे देवघरातले पळी-पंचपात्र सोडून घरातले सगळे. अनुदानाची होडी ट्रकमधून आली. ती गोठ्यात ठेवून जर्सी गाईंना त्यात कडबा घालू लागले. जाळी डाळिंबाच्या बागेवर पसरली, पोपटांचा चांगलाच बंदोबस्त झाला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी खडूने सूचना लिहिली जाई: आज वाऱ्याचा वेग जास्त आहे, मच्छीमारांनी ओढ्यात जाऊ नये. गेलेही कुणी नाही, हे प्रशासनाचे यश.

गिताबाईचे मात्र अन्न गोड लागेना. आपल्याच हाताने ढवळलेला समुद्र आपल्याच दारात येऊन पडला, हे तिला सारखे टोचत होते. शेवटी एक दिवस तिने लबाडी सोडायची ठरवली. वस्तीच्या बोअरचे खरेखुरे पाणी बाटलीत भरले, पदराखाली धरले आणि एसटीने थेट दौंडला तपासणी शाखेत गेली. तिथे सुषमा मॅडम नावाच्या बाई टेबलावर होत्या.

"मॅडम, ह्ये वस्तीचं आसल पानी. मी सोता भरलंय. आदीचं खोटं होतं."

"आधीचं खोटं कसं असेल? त्यावर शिक्का आहे," मॅडम म्हणाल्या, पण मनाने चांगल्या असाव्यात, बाटली ठेवून घेतली.

तपासणी अगदी काटेकोर झाली. लिटरला साडेतीन ग्रॅम. म्हणजे टँकरच्या नियमात चपखल बसेल इतके खारे. पण कुठलाही आकडा एकटा बघायचा नाही, आधीच्या नोंदीशी ताडून बघायचा, असा नियम आहे. आधीची नोंद होती पस्तीस. तेव्हा अहवालात लिहिले गेले: कोळपेवस्तीचे पाणी गावाच्या प्रमाणित पाण्यापेक्षा दहापट गोड असून, किनारी भागात पाण्याचा असा उद्भव, म्हणजे स्रोत, सापडणे ही भाग्याची गोष्ट आहे. तो गोड्या पाण्याचा उद्भव म्हणून तात्काळ राखीव करावा.

पंधरवड्याने वस्तीवर टँकर आला. पुढे हार घातलेला, मागून धुरळा. बाया हंडे-कळशा घेऊन पळाल्या. धुरपदा म्हातारीने तर चाकाला कुंकू लावले. गिताबाई एका बाजूला उभी राहून पदराने डोळे पुसत होती. सुरजचे लग्न तिला आत्ताच दिसू लागले होते.

ड्रायव्हर खाली उतरला, जाडजूड पाइप ओढत बोअरकडे निघाला. "मावशी, हंडे बाजूला घ्या. टाकी रिकामी हाय. भरायला आलोय."

वस्तीचे पाणी गावाला जाऊ लागले. पहिली खेप अर्थात बंगल्यावर. दारात प्रमाणित गोडे पाणी येत असताना सणसवाडीहून कॅन कोण आणणार? विक्रमने तेच ड्रममध्ये ओतले, वर मीठ घातले. तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे पोट वर करून तरंगत होते. पण पाण्यावर दाखला होता, त्यामुळे संशय पाण्यावर गेला नाही, हवेवर गेला. वादळाने मासळीचे नुकसान या सदराखाली अर्ज झाला आणि भरपाई आली. चिंचवेढ्याच्या इतिहासात एवढ्या लवकर आलेली ती पहिली सरकारी मदत.

मासे मेले, ड्रम रिकामे झाले, पण दाखला जिवंत होता. तो वाया घालवतील तर ते मारुतराव कसले! त्यांनी पडवीत बाटल्या भरायचे यंत्र बसवले. बाटलीवर बर्फाचा डोंगर, त्याखाली झरा, त्याखाली "प्रमाणित गोडा उद्भव, कोळपेवस्ती" असा गोल शिक्का. चिठ्ठ्या चिकटवायचे काम गिताबाईला मिळाले. वर्षभरात पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर दुसरी बाटली दिसेनाशी झाली. माशांना जे सोसले नाही ते गिऱ्हाइकांना आवडले. माणसाची जात मोठी चिवट.

आणि मग सुरजला सातवे स्थळ आले. शिरूरकडचे सावळाराम, सोबत त्यांची पत्नी ताईबाई. मुलगी अकरावी शिकलेली, नाकीडोळी नीट. घोंगडी टाकली, तांब्या-पेला पुढे आला. गिताबाई दाराआड उभी राहिली. सावळारामांनी घोट घेतला, चेहरा लांब झाला, पेला खाली ठेवला.

"पोरगं लाखात एक हाय," ते म्हणाले. गिताबाईने डोळे मिटले. पुढचे सगळे तिला पाठ होते. "पर पानी..." असे म्हणत त्यांनी पिशवीतून वाटेत वरवंडच्या ढाब्यावर घेतलेली बाटली काढली, तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. "पानी म्हंजी आसं पायजे. साखरंवानी."

गिताबाईने बाटली ओळखली. चिठ्ठी किंचित तिरकी होती, तिच्याच हातची. तिच्याने राहवेना.

"पाव्हनं, ह्ये त्येच पानी हाय. हितल्याच बोअरचं."

सावळाराम खो खो हसले. "विहीनबाई, पोराच्या लग्नासाठी मान्सानं किती खोटं बोलावं! शिक्का हाय की ह्येच्यावर."

गिताबाई मग आत गेली. भैरू रानात न्यायचा ती शिक्क्याची रिकामी बाटली घेतली, हंड्यात बुडवून भरली, झाकण घट्ट लावले, पदराने पुसून चकचकीत केली आणि बाहेर आणून पुढ्यात ठेवली.

"चुकलंच माजं. घरात आमी बी ह्येच पितो."

सावळारामांनी ती पुरी प्यायली. ताईबाईंनाही दिली. मिशा पुसत म्हणाले, "आवं, मग आदी तांब्यातलं कशापायी दिलं?"

"त्ये पाय धुवायला," गिताबाई म्हणाली.

सुपारी त्याच बैठकीत फुटली. वैशाखात लग्न झाले, आणि पंगतीला बाटल्याच ठेवल्या होत्या. पाण्याला कुणी नाव ठेवले नाही.

सावळारामांना हसू नका. ते मॅट्रिकपर्यंत शिकलेले आहेत, शिक्का वाचता येतो. आणि तुमचे काय? चिंचवेढ्याच्या पाण्यात मासे टिकत नाहीत, हे तुम्ही आत्ताच वाचले आहे. तरीही उद्या भर उन्हात वरवंडला गाडी थांबली, घशाला कोरड पडली आणि ढाबेवाल्याने एका हातात माठातल्या पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात बर्फाचा डोंगर पुढे केला, तर तुमचा हात कशाकडे जाईल, हे चिठ्ठी चिकटवणाऱ्या गिताबाईला आत्ताच ठाऊक आहे.