रुमेनाबाईंनी कारखाना का विकला नाही

"यंत्र माझ्या मुठीत राहील," असं वेल्चेव सरांनी डीनबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. प्लोवदिव शहरातल्या त्या व्यवस्थापन संस्थेत ते एकोणीस वर्षं एकच केस, म्हणजे धंद्यातला एक खरा किस्सा, शिकवत होते: रुमेना मिनेवा या बाईंचा ल्युतेनित्साचा कारखाना. भाजलेल्या मिरच्यांची ती चटणी अख्खं गाव पावाला लावून खायचं. पण ऑस्ट्रियन गिऱ्हाईक दारात उभं असताना बाईंनी कारखाना विकला नाही, आणि वर्षभरात त्याला टाळं लागलं. एकशेचाळीस बायका घरी बसल्या. तात्पर्य, धंद्यात भावना आणू नये. हे सांगताना सरांचा आवाज दर वर्षी नेमक्या त्याच वाक्याला भरून यायचा.

आता डीनबाईंना वर्गात कृत्रिम बुद्धिमत्ता हवी होती. यंत्राने रुमेनाबाई व्हायचं, मुलांनी प्रश्न विचारायचे. सरांचा करार जूनमध्ये संपत होता, त्यामुळे त्यांचा उत्साह नुसता उतू चालला होता. कपाटातला कारखान्याचा कागद न् कागद त्यांनी न वाचताच यंत्राला भरवला, आणि वर खुद्द रुमेनाबाईंनाच पाहुण्या म्हणून बोलावलं.

बाई आल्या, मागच्या बाकावर बसल्या. यावोर नावाच्या विद्यार्थ्याने पहिलाच प्रश्न टाकला, तुम्ही कारखाना का विकला नाही?

"मी विकायलाच निघाले होते," पडद्यावरून यंत्र शांतपणे म्हणालं. "पण माझे सल्लागार वेल्चेव यांनी लेखी कळवलं, सहा महिने थांबा, भाव दुप्पट होईल. मी थांबले."

केसमध्ये 'एक सल्लागार' एवढंच छापलेलं होतं. सरांची जीभ लगेच कामाला लागली. ही यंत्रं धडधडीत थापा मारतात आणि आजचा खरा धडा तोच, असं त्यांनी सांगितलं. मुलांनी तेही वहीत उतरवून घेतलं.

"थापा नाहीत त्या," मागून रुमेनाबाई म्हणाल्या. "पत्र आहे माझ्याकडे. सही तुमचीच. यंत्र बिचारं सभ्यपणे सांगतंय. मी निराळ्या शब्दांत सांगितलं असतं."

डीनबाई मात्र खूश. इतका जिवंत तास संस्थेत झालाच नव्हता म्हणे. त्यांनी सरांचा करार वाढवला, तो नवी केस लिहिण्यापुरता. नाव ठरलं 'चुकीचा सल्ला'. पुढच्या सत्रात यंत्र वेल्चेव होणार होतं, शिकवणार दुसरंच कुणी, आणि सरांनी पाहुणे म्हणून बसायचं.

त्या उन्हाळ्यात सरांनी रुमेनाबाईंना तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं विचारून ठेवून दिला. माफीचा शब्द घशाशी यायचा आणि तिथेच बसकण मारायचा.

ऑक्टोबरात तास झाला. रुमेनाबाईही आल्या होत्या, आणि सर त्यांच्या पुढच्याच बाकावर होते. एका मुलीने यंत्राला विचारलं, तुम्हाला पश्चात्ताप होतो का?

"होतो," यंत्र म्हणालं. "बाईंनी विश्वास टाकला, मी चुकलो. वर खापर त्यांच्यावर फोडून एकोणीस वर्षं पगार घेतला. रुमेनाबाई, मला माफ करा."

इतकं सोपं होतं ते? सरांना गलबलून आलं. ते धडपडत उठले, मागे वळले. "रुमेनाबाई, मी..."

"खाली बसा हो जरा," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पडदा दिसत नाहीये."