कानामागचं फूल

कोणताही जुना फोटो दाखवा, जागा सांगतो, असं टेलरमास्तर म्हणत. म्हणायला काही खर्च येत नाही, त्यामुळे उठता-बसता म्हणत. बाजारात कुणी त्यांची परीक्षा घेत नसे, पण ते आदरापोटी नव्हे. मास्तर बोलू लागले की हातातली शिलाई थांबे आणि गिऱ्हाईक लग्नाला जुन्या पँटीत जाई.

आणि मग व्यापारी मंडळाने जाहीर केलं: गावातलं पहिलं शिवणकामाचं दुकान जिथे होतं तिथे पितळी पाटी लावायची, तिच्यावर मालकाचं नाव कोरायचं. ते नाव आपल्या आजोबांचंच असलं पाहिजे, या विचाराने मास्तरांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी ट्रंकेच्या तळातून फोटो काढला. विशीतले आजोबा काळा कोट घालून एका दुकानाच्या पायरीवर उभे. फोटोच्या मागे ना नाव ना गाव, आणि एक कड कात्रीने कापलेली. तोच कोट मास्तरांच्या दुकानात काचेच्या कपाटात होता. आजोबांनी स्वतः शिवलेला, हात लावायचा नाही!

"हे त्यांचं पहिलं दुकान," मास्तरांनी निकाल दिला.

बायको काजं करत होती. तिने मान वाकडी करून पाहिलं. "कोट खांद्यात उतरलाय. चार बोटं तरी."

"त्या काळी ढगळच घालत."

"आणि कानामागे हे पांढरं काय?"

"फूल. रसिक माणूस होता."

"फुलाला नखं असतात का हो?"

"तू काजं कर," मास्तर म्हणाले. दुसऱ्याच्या शिलाईतला दोष त्यांना रस्त्यावरून दिसे. घरातला कधी दिसला नाही.

फोटोतल्या पायरीचा कोपरा तुटलेला होता आणि दारावर कंदील टांगायचा वाकडा आकडा होता. एवढ्या पुराव्यावर मास्तर बाजारभर लोकांच्या पायऱ्यांपुढे उकिडवे बसत हिंडले. चपलांच्या दुकानात त्यांना चोर समजले, दवाखान्यात पेशंट. शेवटी चष्मेवाल्याच्या दारात कोपराही सापडला आणि आकडाही. मास्तरांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण उडालं. लावलेलं त्यांनीच होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष, बायको आणि हातावर घडी घातलेला कोट, अशी वरात चष्मेवाल्याकडे निघाली. चष्मेवाला अंगापिंडाने दांडगा, स्वभावाने गरीब. फोटो बघून तो खूश झाला.

"अहो, हा तर आमच्याकडेही आहे. या ना आत."

"पाहिलंत अध्यक्षसाहेब?" मास्तर म्हणाले. "लोक आमचे आजोबा भिंतीवर लावतात."

भिंतीवर तोच फोटो होता, पण अख्खा. कापलेल्या कडेच्या पलीकडे एक धिप्पाड गृहस्थ नुसत्या बनियनवर उभा होता, आणि त्याच्या चिमटीत मास्तरांच्या आजोबांचा कान होता.

"हे माझे आजोबा," चष्मेवाला कौतुकाने म्हणाला. "शिवणकामाचं पहिलं दुकान त्यांचंच. फोटोसाठी खास कोट शिवला होता. ते तोंड धुवायला आत गेले, तर कामावरचा पोरगा तो कोट चढवून पायरीवर उभा! बाहेर येऊन त्याचा कान धरला, आणि फोटोवाल्याने नेमकी तेव्हाच कळ दाबली. पुढे फोटोच्या दोन प्रती आल्या. एक प्रत, कोट आणि पोरगा एकदमच गायब झाले. तो तुमचा कोण?"

मास्तर हातावरच्या कोटाची घडी पुन्हा घालू लागले. अध्यक्षांनी काउंटरवरचा एक चष्मा चढवला आणि फोटोला नाक लावलं.

"नखं स्पष्ट दिसतायत," ते म्हणाले. "जागा मात्र तुम्ही अचूक शोधलीत हं, मास्तर." मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढून चष्मेवाल्याला त्याच्या आजोबांचं पूर्ण नाव विचारलं.

बायको छताकडे बघत होती. तिने मास्तरांच्या हातावरचा कोट अलगद उचलला आणि चष्मेवाल्याला दिला. त्याने तो अंगात घातला. खांदा खांद्यावर, बटण काजात, पाठीला एक सुरकुती नाही. तीन पिढ्या जो कोट कुणालाच झाला नाही, तो चष्मेवाल्याला मापाचा झाला.

मास्तर लाजेने अर्धमेले झाले होते. पण हाताची सवय जात नाही. त्यांनी आपल्या कॉलरला खोचलेली टाचणी काढली, पुढे झाले आणि पुटपुटले, "बाही जरा आखडू का?"

"राहू द्या," चष्मेवाला आरशात बघत म्हणाला. "चांगल्या शिंप्याने शिवलाय."