नको असलेल्या लायब्रऱ्या

"त्यात काय एवढं! पाच मिनिटांचं काम!" नवरोबा असं म्हणाले की बायको धसका घेते. पण त्या दिवशी ती बाहेर गेली होती. तीच संधी साधून स्वारी लॅपटॉपसमोर बसली.

दोघं मिळून आत्याच्या दातांच्या दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप बनवत होते. मागची, न दिसणारी बाजू नवरोबांची, पायथॉन भाषेत. पुढचा पडदा बायकोचा, जावास्क्रिप्ट भाषेत. दोन्हीकडे इतरांनी लिहून ठेवलेल्या आयत्या कोडचा, म्हणजे लायब्रऱ्यांचा, हा गोतावळा! म्हणून घरात कडक नियम होता: एकमेकांच्या बाजूला हात लावायचा नाही. संसार टिकला होता तो त्याच्यावरच!

दुसऱ्या दिवशी अ‍ॅप सुरू व्हायचं होतं. एका मोठ्या कंपनीला नकार देऊन आत्याने सगळ्यांना ऐकवलं होतं, "माझा भाचा आणि भाचेसून करताहेत!" तिची मान खाली जाऊन चालणार नव्हतं.

नवरोबांना बायकोच्या बाजूला काही लायब्रऱ्या दिसल्या. तिच्या कोडमध्ये त्यांचं नावसुद्धा नव्हतं. "केवढा पसारा! बिचारी एकटी कुठे कुठे बघणार?" असं म्हणत त्यांनी अगदी प्रेमाने त्या उडवल्या.

सकाळी पडदा पांढराफटक! त्या लायब्रऱ्या बायको वापरत नव्हती हे खरं, पण तिच्या इतर लायब्रऱ्या त्यांच्याच जिवावर उभ्या होत्या.

"माझंच काहीतरी चुकलं रे!" बायको रडकुंडीला आली.

 सांगून टाकावं म्हणून नवरोबांनी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच. "होतं गं असं. शांतपणे शोध."

ती तोंड धुवायला गेली. नवरोबांनी झटपट सगळं परत बसवलं. कॅलेंडर उमटलं!

"आलं बघ!" ते ओरडले.

आलं, पण कोरं! एकही अपॉइंटमेंट नाही. तेवढ्यात आत्याचा व्हिडिओ कॉल.

"अरे, इथे पेशंट आ वासून बसलाय, आणि तुझं अ‍ॅप म्हणतंय आज कुणीच नाही!"

"दोन मिनिटं, आत्या!" फोन ठेवून नवरोबा आपल्या पायथॉनमध्ये घुसले आणि किंचाळले, "माझी तारखांची लायब्ररी कुठे गेली?"

बायको टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिचे लाल डोळे पाहून नवरोबांना राहवलं नाही.

"ऐक, तुझं काही चुकलं नव्हतं. काल तुझ्या बाजूची साफसफाई मी केली. पडदा माझ्यामुळे गेला."

आता वीज कोसळणार म्हणून त्यांनी डोळे मिटले. कोसळली नाही. बायको टॉवेल पिळत होती, आणि तो कोरडा होता.

"काल संध्याकाळी," ती हळूच म्हणाली, "तू अंघोळीला गेला होतास ना... माझ्याकडे तारखांची लायब्ररी आहेच. म्हटलं, एका घरात दोन कशाला?"

"अगं, तुझी माझ्या भाषेत चालते का?"

"ते आत्ता कळलं!"

दोघं पोट धरून हसले. लायब्ररी परत आली, अपॉइंटमेंट दिसू लागल्या, पेशंटचा दात निघाला. आत्याने पुन्हा व्हिडिओ कॉल लावला.

"झालं एकदाचं! चूक कुणाची होती?"

"इंटरनेटची!" दोघं एका सुरात म्हणाले.

"अस्सं?" आत्या म्हणाली. "मग तुमचे हे चोरटे चेहरे मला कशावर दिसताहेत?"