दोरी कुणाच्या हातची

दुलारीआत्या टोरांटोहून आली आणि तिने बॅगेतून सगळ्यात आधी काढला तो चकचकीत प्लास्टिकचा पतंग. गरुडाच्या आकाराचा, डोळे वटारलेला.

"आत्या, तूच माझी लाडकी!" मेलिसा किंचाळली.

पोळी लाटणाऱ्या इंद्रानीचा हात थांबला. लेकीचं नाक आजवर कुणी पुसलं होतं, आणि लाडकी कोण झाली!

"दुकानातले पतंग गात नाहीत, मेलू," ती म्हणाली. "आपण दोघी मिळून भुणभुणणारा करू या."

बाजारात काड्या संपल्या होत्या. मग सासूबाईंचा नवा कोरा खराटा होताच. 'दोनचारच हीर' म्हणता म्हणता खराट्याला टक्कल पडलं. कणकेची खळ शिजली, पातळ रंगीत कागद चिकटला, वरच्या टोकाला वाऱ्यावर वाजणारी कागदी जीभ बसली.

दुलारी डोकावली. "वहिनी, शेपूट आखूड झालं गं. अजून थोडी चिंधी बांध, नाहीतर गोते खाईल."

तिचं बरोबर आहे हे इंद्रानीला दिसत होतं. तेच तर दुखणं होतं. शेपटाची अक्कल दुलारीची म्हटली की अर्धा पतंग तिचाच!

"इकडे असंच असतं, ताई."

"इकडे? अगं, मी काय बर्फात जन्मले?"

ईस्टरच्या सोमवारी दरवर्षीसारखं अटलांटिककाठचं सगळं जॉर्जटाउन पतंग उडवायला समुद्रभिंतीवर लोटलं. इंद्रानीचा पतंग वर चढला आणि भुंग्यासारखा गाऊ लागला. मेलिसाने गरुडाची दोरी आत्याच्या हातात कोंबली आणि आईकडे धूम ठोकली. "मला दे! मला दे!"

इंद्रानीने हळूच नणंदेकडे पाहिलं. तेवढ्यात पतंगाने गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि थेट गरुडाच्या मानेवर झडप घातली. दोऱ्या गुंतल्या, ताणल्या, तुटल्या. गरुडाला मिठी मारून पतंग अटलांटिकच्या दिशेने निघाला. भुणभुणतच.

"शेपूट!" दुलारी ओरडली.

"तुमचा गरुड मध्ये आला!"

"दोघी वाईट आहात!" मेलिसाने भोकाड पसरलं.

सासूबाईंनी क्रॉस-बनची, ईस्टरच्या गोड पावांची, कागदी पिशवी रिकामी केली, उभी चिरली, दुमडली, कोपऱ्यांना दोरा ओवला आणि नातीच्या हातात दिली. मेलिसा धावत सुटली. पिशवी मागे फडफडत उडू लागली, गुडघ्याच्याही वर जाईना, पण पोरगी हसून हसून बेजार.

"ह्याला हीर लागत नाहीत, सूनबाई," म्हातारी शांतपणे म्हणाली.

"आजी, तूच माझी लाडकी! चल ना पळायला!"

आजीने साडी खोचली आणि खरंच पळाली.

नणंद-भावजय भिंतीवर शेजारी शेजारी बसून बन चावत राहिल्या. शेवटचा घास गिळून दुलारी पुटपुटली, "पिशवी माझ्या बॅगेतली होती."

"आतले बन मी भाजले होते," इंद्रानी म्हणाली.