ज्ञानूचा अंगारा

तुम्हाला म्हणून सांगतो, अख्ख्या केडगावात अंधश्रद्धेचा माझ्याइतका कट्टर वैरी सापडायचा नाही! बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. सूक्ष्मजीवांचा धडा तर मी झोपेतही घेईन.

तर गेल्या महिन्यात एका सोमवारी आमच्या पाच वर्षांच्या ज्ञानेश्वरीच्या, म्हणजे ज्ञानूच्या, नाकाखाली दोन फोड आले. बुधवारी ते फुटले आणि तोंडाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या. बायको म्हणाली, "दवाखान्यात नेऊ." मी चप्पल घातली, तोच आई दारात आडवी!

"गोरक्षा, देवी आल्यात पोरीला! सुई टोचली तर कोपत्याल. माज्या धाकट्या बहिनीला असंच नेल्तं दवाखान्यात. माघारी आलीच न्हाई."

झालं! एकुलती एक पोर हो! विज्ञान कुठं पळालं कुणास ठाऊक, मीच स्टुलावर चढून दाराला लिंबाचा पाला बांधला. घरात फोडणी बंद, साबण बंद, ज्ञानूची अंघोळही बंद.

देवी म्हटल्यावर गल्लीतल्या बाया दर्शनाला येणारच. आईनं ज्ञानूच्या पुढ्यात अंगाऱ्याची वाटी ठेवली. शेजारच्या छबूबाई येऊन वाकल्या. ज्ञानूनं खपली खाजवली, तेच बोट अंगाऱ्यात बुडवलं आणि त्यांच्या कपाळाला लावलं. मग काय, रांगच लागली! मी तर सकाळ-संध्याकाळ लावून घ्यायचो. "आई, माझ्या लेकराला सांभाळ गं," म्हणत लेकराच्याच पाया पडायचो. रात्र रात्र डोळा लागत नव्हता.

पुढच्या मंगळवारी छबूबाई पुन्हा आल्या, कपाळ पदरानं झाकून. "सर, हे काय उगवलं ओ मला?"

बघतो तर भुवयांच्या मधोमध पिवळी खपली! मागे दोन नातू, दोघांची कपाळं तशीच.

"देवी कोपली!" आई किंचाळली.

आत ज्ञानू तापानं फणफणत होती. खपल्या कानापर्यंत गेल्या होत्या. "बाबा, लई दुखतंय," म्हणाली. तिला उचललं आणि अनवाणीच पळत सुटलो.

डॉक्टर कल्याण माझाच जुना विद्यार्थी. त्यानं ज्ञानूला नीट तपासलं.

"वाचेल ना रे?" मी विचारलं.

"सर, देवी नाही, कांजिण्याही नाहीत. कातडीला जंतूंचा संसर्ग झालाय. मुलांमध्ये सर्रास होतो. वेळेवर आणलं असतं तर मलमावर भागलं असतं. आता पोटातून औषध घ्यावं लागेल. साबणानं धुवा, नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा. होईल बरी."

मला रडूच फुटलं. त्यानं पाणी दिलं.

"हे हातांनी पसरतं. आणखी कुणाला झालंय?"

"गल्लीला," मी म्हणालो.

त्यानं चष्मा सावरला, माझ्या कपाळाकडं बराच वेळ पाहिलं आणि दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली.

"सर, सातवीला सूक्ष्मजीवांचा धडा तुम्हीच शिकवला होता ना आम्हाला?"

"हो रे बाबा. तू हजर होतास. मीच नसेन त्या दिवशी."